गाडी लक्झरी, तरी मागच्या सीटवर हादरे का?

दख्खनी_चाक

नमस्कार मंडळी,

वडिलांसाठी गाडी बघतोय. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, कंबर नाजूक. ते मागे बसणार, चालवायला ड्रायव्हर. पुणे-मुंबई नेहमीचं, सणावाराला कोल्हापूर. बजेट सढळ ठेवलंय, त्यामुळे जर्मन सेडान आणि मोठ्या एसयूव्ही अशा बऱ्याच गाड्या फिरवून झाल्या. दर वेळी मी मुद्दाम मागे बसलो, कारण वडील तिथे बसणार आहेत. त्यातून जे लक्षात आलं ते मांडतो. पटलं नाही तर जरूर खोडा.

माझं म्हणणं असं की लक्झरी गाडीतला आराम सस्पेन्शनच्या भारी नावापेक्षा रिमच्या आकारावर जास्त ठरतो, आणि शोरूममध्ये नेमकं हेच कोणी सांगत नाही.

आकडे बघा. एकाच गाडीला बसतील असे चार टायर घेऊ (पहिला आकडा रुंदी मिमीमध्ये, दुसरा उंची रुंदीच्या किती टक्के, आर नंतरचा रिम किती इंची): २२५/५५ आर१७, २४५/४५ आर१८, २४५/४० आर१९ आणि २४५/३५ आर२०. चौघांचाही बाहेरचा व्यास साधारण ६८० मिमी, म्हणजे लांबून चाक तेवढंच दिसतं. पण रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंतची रबराची भिंत, म्हणजे साइडवॉल, अनुक्रमे १२४, ११०, ९८ आणि ८६ मिमी. १७ वरून २० वर गेलात की जवळजवळ चार सेंटिमीटर हवा आणि रबर कमी झालं आणि तिथे धातू आला. रस्त्याचा बारीक खडबडीतपणा, खड्ड्याची धारदार कड, रंबलरचे पट्टे हे सगळं आधी टायर गिळतो. उरेल ते स्प्रिंग आणि शॉकअपकडे जातं. टायरनेच गिळायचं सोडलं तर पुढच्यांनी किती सांभाळायचं?

१९९५ पासून पुण्यात बनायला लागलेली मर्सिडीजची डब्ल्यू १२४ इथल्या अनेकांना आठवत असेल. तिला १९५/६५ आर१५ टायर असायचे, म्हणजे १२७ मिमी साइडवॉल. साध्या स्टीलच्या स्प्रिंग, ना कुठला सेन्सर ना मोड. अशी एक गाडी आमच्या नात्यात अजून चालू आहे आणि तिच्या मागच्या सीटवर बसल्यावर डांबरी रस्त्यावरची ठिगळं पायाला कळतात, कंबरेला कळत नाहीत.

आज गंमतच उलटी आहे. वरचं व्हेरियंट घेतलं की मोठी रिम येते, स्पोर्टी नावाचं पॅकेज येतं, आणि बऱ्याचदा आपल्या बाजारात तेवढंच व्हेरियंट विकायला असतं. जास्त पैसे मोजून मागे बसणाऱ्याचा आराम कमी होतो. ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहे अशा घरांनी तरी याचा विचार करायला हवा.

जाणकारांना तीन प्रश्न: ‘कम्फर्ट’ मोडने यात कितपत फरक पडतो? रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही चालणारे टायर काढून साधे टाकावेत का? आणि एअर सस्पेन्शन (स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे) असलेली दोन-तीन वर्षं वापरलेली गाडी घेणं शहाणपणाचं आहे का?

निवांत

उत्तम विषय. सध्या रुमाल टाकून ठेवतो, सवडीने लिहितो.

शॉकअप

मी पुण्यात सस्पेन्शनच्या चाचण्यांचंच काम करतो, त्यामुळे जरा लांब लिहीन.

दख्खनी, तुमचं रिमबद्दलचं निरीक्षण बरोबर आहे, पण ते अर्धं चित्र आहे. आम्ही गाडीच्या आरामाचे दोन भाग पाडतो. पहिला भाग हेलकाव्यांचा: गाडीची अख्खी बॉडी वरखाली होणं, पुढे-मागे झुकणं. हा १ ते ३ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला एक ते तीन वेळा डोलण्याच्या दरम्यानचा मामला. दुसरा भाग हादऱ्यांचा आणि थरथरीचा, त्याहून वरच्या वारंवारतेचा. टायर, रिमचं वजन, सांध्यांमधले रबरी बुश हे दुसऱ्या भागात बोलतात. स्प्रिंग पहिल्या भागात बोलते. शॉकअप दोन्हीकडे बोलतो, म्हणून तो जमवणं सर्वांत अवघड.

आता स्प्रिंग मऊ की कडक, हे आम्ही नुसत्या स्प्रिंगवरून मोजत नाही. ती स्प्रिंग तेवढं वजन घेऊन सेकंदाला किती वेळा डोलते, ते बघतो. १ हर्ट्झ हवं असेल तर गाडीच्या वजनाने स्प्रिंग सुमारे २५ सेंमी दबलेली असावी लागते. १.५ हर्ट्झला ११ सेंमी पुरतात, २ हर्ट्झला जेमतेम ६. आरामासाठी बनवलेल्या सेडान १ ते १.३ च्या आसपास असतात, स्पोर्टी गाड्या १.५ च्या पुढे. यात मेख अशी की मऊ स्प्रिंगला वरखाली व्हायला जागा लागते. आपल्याकडे पाच माणसं, भरलेली डिक्की आणि कुठेही, कसाही बांधलेला गतिरोधक. जागा संपली की गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या ठोकळ्यावर आपटते, आणि तो दणका कुठल्याही कडक स्प्रिंगपेक्षा वाईट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच, गोलाकार हवा. तसा असेल तर ताशी २५ किमीने कोणतीही धड गाडी सुखाने जाते. गल्लीतला अर्धा मीटर रुंदीचा डांबराचा उंचवटा वेगळाच प्रकार आहे. अशा रस्त्यांसाठी भारतात अनेक गाड्यांची उंची वाढवतात आणि त्याबरोबर स्प्रिंगही बदलते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: स्टील स्प्रिंगच्या गाडीत कम्फर्ट मोड फार तर शॉकअपचा विरोध कमी करतो. स्प्रिंग तीच, रिम तीच, अँटी-रोल बारही तोच (त्याबद्दल पुढे लिहितो). फरक जाणवतो, पण २० इंची रिमची गाडी १७ इंचीसारखी होत नाही. उलट काही गाड्यांत कम्फर्ट मोडमध्ये लाटेवरून गेल्यावर बॉडी दोन-तीनदा डोलत राहते, तेव्हा मधला मोड जास्त सुखाचा वाटतो. टेस्ट ड्राइव्हला दोन्ही मोड लावून एकाच रस्त्यावरून जा.

एअर स्प्रिंगचं वेगळं. माणसं चढली की तिच्यातला दाब वाढतो, दाबाबरोबर तिचा ताठपणाही वाढतो, त्यामुळे एकटे बसा की पाच जण, डोलण्याची वारंवारता जवळपास तीच राहते आणि उंचीही तीच. २०१६ च्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये पुढे दोन आणि मागे तीन हवेचे कप्पे असलेल्या स्प्रिंग आल्या. सगळे कप्पे उघडे असताना स्प्रिंग मऊ, एखादा बंद केला की कडक. हा खरा फायदा आहे, जाहिरातीपुरता नाही.

आणि अँटी-रोल बारकडे लोक बघतच नाहीत. डावं-उजवं चाक जोडणारी ती पोलादी दांडी. वळणावर गाडी कलू देत नाही, पण सरळ रस्त्यावर एकच चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवते. त्यातून डोकं डावी-उजवीकडे झटके खातं. उंच एसयूव्हीला कलणं रोखायला जाड बार लागतो. म्हणून तुमच्या वडिलांसाठी मी मोठ्या एसयूव्हीऐवजी लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली सेडान सुचवीन. चढ-उतार करताना गुडघ्यांना एसयूव्ही सोयीची पडते हे मान्य, पण मान आणि कंबरेला सेडान बरी.

कुंभार्ली

थोडा असहमत. मी स्वतः गाडी चालवतो, चिपळूण-कराड सतत चालू असतं. दोन टनांच्या पुढची गाडी घाटात होडीसारखी डुलायला लागली की चालवणाऱ्याचा विश्वास जातो. समोरून ट्रक वळण कापत आला आणि झटकन आत घ्यावी लागली, तर गाडी लगेच सावरली पाहिजे. हा आरामाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. शिवाय माझ्या मुलीला गाडी लागते. मऊ गाडीत ती हमखास उलटी करते, आमच्या सध्याच्या कडक गाडीत तिला बराच कमी त्रास होतो. मग आराम कशाला म्हणायचा?

शॉकअप

कुंभार्ली, तुमच्या मुलीचा अनुभव शास्त्राला धरून आहे. गाडी लागते ती ०.१ ते ०.५ हर्ट्झच्या हालचालीने, म्हणजे दोन ते दहा सेकंदांत एक हेलकावा. घाटातली वळणं, ब्रेक आणि पुन्हा ॲक्सिलरेटर यांतून नेमकी हीच लय तयार होते. गाडी जेवढी जास्त कलेल तेवढा त्रास जास्त. म्हणजे तुमच्या मुलीला बरं वाटतं ते कडक स्प्रिंगमुळे नाही, कमी कलणाऱ्या बॉडीमुळे. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. २०१५ च्या बेंटली बेन्टेगात ४८ व्होल्टच्या मोटरवर चालणारा अँटी-रोल बार आला: सरळ रस्त्यावर दोन्ही बाजू मोकळ्या सोडतो, वळणावर पिळून धरतो. पुढच्या वर्षी ऑडीच्या एसक्यू७ मध्येही आला. पण अशी यंत्रणा नसेल तर निम्मा इलाज ड्रायव्हरच्या पायात आहे. ब्रेक हळू दाबायचा, सुटतानाही हळू सोडायचा.

मणका

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडून थोडी भर.

बसलेल्या माणसाचं धड उभ्या दिशेने ५ हर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त थरथरतं. म्हणून आयएसओ २६३१ या मानकात उभ्या कंपनांपैकी ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्याला सर्वांत जास्त वजन दिलंय, आणि आडव्या कंपनांपैकी १ ते २ हर्ट्झला. साध्या भाषेत, खूप संथ हेलकावा कंबर सहन करते, खूप बारीक थरथर सीटचा फोम खातो, मधलं जे असतं ते मणक्यांच्या चकत्यांना सोसावं लागतं.

दख्खनी, वडिलांना सीटवर बसवून बघा. मांडी सीटवर पूर्ण टेकते का, गुडघे कंबरेपेक्षा फार वर जातात का, पाठीचा खालचा भाग भरला जातो का. काही सेडानमध्ये मागची सीट इतकी खाली असते की वयस्कर माणूस त्यात रुततो आणि सगळा भार शेपटीच्या हाडावर येतो. गाडी कितीही चांगली असली तरी तासाभराने उतरून चार पावलं चालायला लावा. ऑपरेशन झालेलं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा.

शॉकअप यांना एक विचारायचं होतं. एक्स्प्रेसवेवरून नेहमी जाणारे माझे पेशंट म्हणतात की तिथे एकही खड्डा नसतो तरी कंबर भरून येते, जुन्या रस्त्याने गेलं तर इतकी येत नाही. असं होऊ शकतं का?

शॉकअप

होऊ शकतं. काँक्रीटच्या रस्त्यात स्लॅबला आडवे सांधे कापतात, साधारण साडेचार मीटरवर एक. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागून बघा: सेकंदाला ६.२ सांधे. ८० ला ४.९, समृद्धीवर १२० ने गेलात तर ७.४. सगळे आकडे तुम्ही सांगितलेल्या ४ ते ८ च्या पट्ट्यात. सांधा नीट भरलेला आणि स्लॅब सपाट असेल तर काही जाणवत नाही. पण दिवसा ऊन आणि रात्री गारवा यांनी स्लॅबच्या कडा किंचित वर-खाली वळतात, सांध्यातलं भरण निघतं, आणि मग एकसारखा ठेका सुरू होतो. खड्डा एकदा बसतो आणि संपतो. हा ठेका तासभर चालतो.

आणि दख्खनींचा मुद्दा इथे पक्का होतो. सांध्याचा तो छोटा, टोकदार धक्का स्प्रिंगपर्यंत जायच्या आधी साइडवॉलने खायचा असतो. मोठी रिम वजनानेही बहुधा जड असते. स्प्रिंगच्या खालचं वजन जेवढं जास्त, तेवढं ते आवरायला शॉकअपला कष्ट जास्त.

निवांत

आता सवडीने.

आराम हा लक्झरीचा पहिला अर्थ होता त्या काळाबद्दल लिहितो, कारण आज आपण ज्याला नवं तंत्रज्ञान म्हणतो त्यातलं बरंच तेव्हाच सुचलं होतं.

१९३० च्या दशकात मॉरिस ओली नावाचा इंजिनिअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला. त्या काळात पुढच्या स्प्रिंग कडक आणि मागच्या मऊ असायच्या. ओलीने गाडीवर वजनं सरकवून, माणसं बसवून प्रयोग केले आणि उलटं सांगितलं: पुढची बाजू मऊ हवी, मागची थोडी कडक. कारण उंचवट्याचा धक्का पुढच्या चाकाला आधी बसतो. तीन मीटर व्हीलबेसच्या गाडीत ताशी ६० किमीला मागचं चाक सुमारे ०.१८ सेकंदांनी तिथे पोचतं. मागची बाजू जरा जलद डोलली तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि दोन्ही टोकं एकत्र वरखाली होतात. नाही तर गाडी घोड्यासारखी पुढे-मागे झुलत राहते. आजही बहुतेक चांगल्या सेडानमध्ये हा नियम पाळतात. लांब व्हीलबेसच्या गाडीत मागे जास्त आराम का, याचंही कारण इथेच: तेवढ्याच उंचवट्याने लांब गाडी कमी अंशात झुकते.

मग फ्रेंच कंपनी सित्रोएन. १९४८ च्या २सीव्ही या गाडीसाठी कंपनीच्या प्रमुखांची अट प्रसिद्ध आहे: नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता गेली पाहिजे. आणि १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात डीएस आली. पॉल माजेस या माणसाने, ज्याचं औपचारिक शिक्षण फार नव्हतं, स्टीलची स्प्रिंगच काढून टाकली. प्रत्येक चाकाला एक गोळा, त्यात एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला दाबाखालचं तेल, मध्ये रबराचा पडदा. वायू झाला स्प्रिंग, तेल अरुंद वाटेने जाताना झालं शॉकअप, आणि पंप उंची कायम राखणार. पहिल्याच दिवशी १२,००० मागण्या नोंदल्या गेल्या. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी चालकाने गाडी पूर्ण वेगात बाहेर काढली. सस्पेन्शनने माणूस वाचवल्याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही. कुंभार्ली, आराम आणि सुरक्षितता एकमेकांच्या विरोधात असतातच असं नाही, ते यासाठी सांगितलं.

रोल्स-रॉइसने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोमध्ये उंची राखायची यंत्रणा सित्रोएनच्याच परवान्याने घेतली. मर्सिडीजने १९७५ च्या ४५० एसईएल ६.९ मध्ये स्वतःचं हायड्रोन्यूमॅटिक, म्हणजे तेल आणि वायूवरचं सस्पेन्शन बसवलं. दुसरीकडे जग्वारने १९६८ च्या एक्सजे६ मध्ये दाखवून दिलं की साध्या स्टील स्प्रिंगवरही हे जमतं. तिच्यासाठी डनलॉपने खास टायर बनवले होते आणि मागचं सगळं सस्पेन्शन एका वेगळ्या चौकटीवर बसवून ती चौकट रबरावर टेकवली होती, म्हणजे रस्त्याचा आवाज आणि थरथर बॉडीपर्यंत पोचायलाच नको. ती गाडी चालवायलाही तितकीच चोख होती. मला स्वतःला ती या सगळ्यांत थोर वाटते, कारण तिच्यात एकही चमत्कार नाही, फक्त प्रत्येक रबरी बुशचा विचार केलेला आहे.

अमर बोस यांचं नाव ध्वनियंत्रांसाठी सर्वांना माहीत. वडील बंगालचे. या माणसाने अनेक वर्षं गाडीच्या सस्पेन्शनवर काम केलं. प्रत्येक चाकाला विजेची सरळ रेषेत हलणारी मोटर, जी खड्ड्यात चाक खाली ढकलेल आणि उंचवट्यावर वर ओढेल. २००४ मध्ये ती गाडी लोकांना दाखवली. बॉडी जागची हलत नव्हती. पण वजन आणि किंमत यांमुळे बाजारात आली नाही. २०१७ मध्ये ते तंत्रज्ञान दुसऱ्या कंपनीकडे गेलं.

मर्सिडीजने २०१३ च्या एस-क्लासमध्ये काचेमागे कॅमेरा लावून पुढचा १५ मीटरपर्यंतचा रस्ता वाचायला सुरुवात केली, म्हणजे उंचवटा यायच्या आधीच चाक तयार. २०२० च्या रोल्स-रॉइस घोस्टमध्येही कॅमेरा आहे, शिवाय पुढच्या चाकांना धरणाऱ्या वरच्या आर्मवर एक जादा शॉकअप बसवलाय. आणि आपल्या आवाक्याच्या जरा जवळ यायचं तर २०२१ मध्ये भारतात आलेली सित्रोएन सी५ एअरक्रॉस. तिच्या शॉकअपच्या दोन्ही टोकांना तेलाचे छोटे बंप स्टॉप आहेत. वर शॉकअप यांनी सांगितलेला आपटण्याचा दणका तिथे तेल गिळतं, त्यामुळे स्प्रिंग मऊ ठेवता आली. त्या किमतीत गतिरोधकावर इतकी शांत दुसरी गाडी मी पाहिली नाही.

नेकारकाठ

श्टुटगार्टहून. निवांत, प्रतिसाद फार आवडला.

जर्मन गाड्या कडक का, याचं इथे राहिल्यावर उत्तर मिळतं. ऑटोबानच्या बऱ्याच भागात आजही वेगमर्यादा नाही. ताशी २०० च्या वेगात लेन बदलताना बॉडी जराही उशिरा सावरली तर परवडत नाही, आणि रस्ता इतका सपाट की कमी साइडवॉलची शिक्षा फारशी भोगावी लागत नाही. शिवाय युरोपातले बरेच कारखाने गाड्या न्यूरबुर्गरिंगच्या २०.८ किमीच्या जुन्या ट्रॅकवर नेऊन तासतात. तिथे जमलेली गाडी तळेगावच्या रस्त्यावर सुखाची असेलच असं नाही.

पण इथले लोक सगळे मोठ्या रिमवर फिरतात हा गैरसमज आहे. हिवाळ्यात टायर बदलावे लागतात, तेव्हा बरेच जण हिवाळी टायरसाठी मुद्दाम एक-दोन इंच लहान रिम घेतात. स्वस्त पडते आणि नोव्हेंबरपासून गाडी जाणवण्याइतकी मऊ चालते. माझी गाडी उन्हाळ्यात १९ वर, हिवाळ्यात १७ वर असते. गाडी तीच, सस्पेन्शन तेच, त्यामुळे धाग्यातला मुद्दा मी दर सहा महिन्यांनी अंगावर अनुभवतो.

रन-फ्लॅटबद्दल: हवा गेल्यावरही साधारण ८० च्या वेगाने ८० किमी जाता यावं म्हणून त्यांची साइडवॉल जाड आणि ताठ असते. ताठपणाची किंमत रोज मोजायची, फायदा क्वचित. बीएमडब्ल्यूने २००० च्या दशकात बहुतेक मॉडेलना ते दिले, आता त्यांच्याकडेही साधे टायर बऱ्याच मॉडेलवर मिळतात. साधे टाकले तर डिक्कीत स्टेपनी किंवा निदान पंप आणि पंक्चरचं किट हवंच, आणि विम्याच्या दृष्टीने टायरचा लोड व स्पीड इंडेक्स (तो किती वजन आणि वेग पेलतो ते) मूळ टायरइतका किंवा जास्त हवा.

सई_ठाणे

सगळ्यांचं वाचतेय, खूप शिकायला मिळालं. मी एक फुकटातला उपाय सांगते.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणामागे हवेच्या दाबाचा तक्ता असतो. त्यात कमी माणसांसाठी एक आकडा आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दुसरा, जास्त आकडा असतो. पंपावरचा मुलगा विचारत नाही, सगळ्यांना सरसकट एकच भरतो, तेही टायर तापलेला असताना. आईला घेऊन नाशिकला जाताना ती कायम मान धरून बसायची. सकाळी थंड टायरला घरच्या पंपाने तक्त्यातला कमी माणसांचा आकडा भरायला लागले आणि तिची तक्रार थांबली. तक्त्याच्या खाली मात्र कधीही जाऊ नये. कमी साइडवॉलच्या टायरला कमी हवा म्हणजे खड्ड्यात रिम वाकणं किंवा टायरच्या बाजूला फुगा येणं ठरलेलं. आणि पाच जण सामानासकट निघाले तर दुसरा आकडा भरायचा, आळस करायचा नाही.

कुंभार्ली

सईताई, हे लगेच करून बघतो. आणि निवांत, द गॉल यांचा किस्सा वाचून मान्य करतो की मी मऊ आणि ढिली यांत गल्लत करत होतो. ढिली गाडी मला आजही नको. मऊ पण आवरलेली मिळाली तर आनंदच आहे.

दख्खनी_चाक

सर्वांचे मनापासून आभार. एसयूव्हीचा विचार सोडला. लांब व्हीलबेसच्या दोन सेडान उरल्यात. त्यातली नवी स्टील स्प्रिंगची आहे, १८ इंची रिमवर मिळतेय. दुसरी वरच्या वर्गातली, एअर सस्पेन्शनची, वापरलेली, जवळपास त्याच पैशात. मागे बसल्यावर दुसरी उजवी वाटते यात शंका नाही. पण तिचं वय पाच वर्षांच्या वर आहे. तिसऱ्या प्रश्नावर कोणी प्रत्यक्ष काम केलेलं असेल तर सांगा, वडिलांना भर रस्त्यात गाडी बसलेली नको आहे.

पाना_दहा_बारा

माझं कोथरूडला गॅरेज आहे, या गाड्या आमच्याकडे येतात.

एअर सस्पेन्शन वाईट नसतं, पण त्यातलं रबर म्हातारं होतं. हवेच्या फुग्याला घडीच्या जागी बारीक भेगा पडतात. सुरुवातीला हवा इतकी हळू जाते की मालकाला कळत नाही, कारण कॉम्प्रेसर पुन्हा भरून घेतो. त्यात कॉम्प्रेसर जास्त चालतो, तापतो आणि शेवटी तोच जळतो. म्हणजे फुगा वेळेवर बदलला नाही की दोन खर्च होतात. एका चाकाचा स्ट्रट, म्हणजे फुगा आणि शॉकअपचा जोडसंच, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मॉडेलप्रमाणे लाखाच्या घरात जाऊ शकतो. बाहेर दुरुस्त केलेले मिळतात, चांगल्या माणसाकडून घेतले तर चालतात.

गाडी बघायला आदल्या संध्याकाळी जा. सपाट जागेवर लावायला सांगा आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. सकाळी गाडी सुरू करायच्या आधी, दारही उघडायच्या आधी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बोटभर बसला असेल तर तिथे गळती आहे. मग सुरू करून गाडी उंच करायचं बटण दाबा. न कुरकुरता आणि फार वेळ न घेता चारही बाजू वर आल्या पाहिजेत. कॉम्प्रेसरचा आवाज केबिनमध्ये मोठ्याने येत असेल तर तो थकलाय. स्कॅनर लावून जुने फॉल्ट कोड वाचायला सांगा, विकणारा नाही म्हणाला तर तिथेच थांबा. लिफ्टवर चढवून लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड बघा, कारण या जड गाड्यांत ते आधी जातात आणि खडखड ऐकून लोक उगीच एअर स्ट्रट बदलतात.

काही जण फुगे काढून साध्या स्प्रिंग बसवून देतात. करू नका. उंचीची यंत्रणा बंद पडते, डॅशबोर्डवरचा दिवा विझवायला वेगळी जुगाडं लागतात आणि ज्यासाठी गाडी घेतली तेच निघून जातं.

गाडीची सर्व्हिस हिस्ट्री पूर्ण असेल, सकाळचं माप जुळलं आणि विस्तारित वॉरंटीत सस्पेन्शन लेखी धरलेलं असेल, तर दुसरी घ्या. यातलं एकही कमी पडलं तर १८ इंची नवी गाडी घ्या आणि साइडवॉल टिकवा. बघायला जायच्या आधी व्यनि (खासगी निरोप) करा, टेप आणि स्कॅनर घेऊन येतो.